एक आराखडा, अनेक शब्दावल्या

इमारत उभारण्यापूर्वीं स्थापत्यकार जसा नकाशा काढतो, तसा बँकेची वा रुग्णालयाची संगणकव्यवस्था उभारणारे तज्ज्ञही कामाचा आराखडा काढतात. त्यांत चौकटी असतात व त्यांना जोडणाऱ्या रेषा असतात. या आराखड्यांची 'यूएमएल' नांवाची चित्रलिपी 'ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रूप' या संस्थेनें १९९७ सालीं प्रमाण म्हणून मान्य केली. चौकट कशी काढावी, रेषेचा अर्थ काय घ्यावा, हें तींत बारकाईनें सांगितलें आहे; नांवाच्या बाबतींत मात्र हात आखडता. प्रत्येक घटकाला नांव फार तर एकच!

महाराष्ट्रांत ज्याला सातबारा म्हणतात, त्याच्याशीं जुळता उतारा कर्नाटकांत 'पहाणी' म्हणून ओळखला जातो. सीमेच्या दोन्ही बाजूंस कर्ज देणाऱ्या बँकेनें चौकटींत कोणतें नांव लिहावें? एक लिहिलें तर पलीकडचा कारकून अडतो. मग आराखड्याची दुसरी प्रत निघते. एकींत केलेली दुरुस्ती दुसरींत राहून जाते, आणि एकाच बँकेंत एकाच प्रकारच्या अर्जाला दोन ठिकाणीं दोन नियम लागूं लागतात. त्यांत भरडला जातो तो शेतकरी.

यावरील तोड जुनीच आहे. ऑस्ट्रियाचे ऑयगेन व्यूस्टर यांनीं १९६८ च्या आपल्या यंत्र-हत्यारांच्या इंग्रजी-फ्रेंच कोशांत शब्द अकारविल्हे न लावतां संकल्पनांच्या क्रमानें मांडले. आधीं वस्तु, मग तिचीं नांवें. वरील संस्थेनें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'एसबीव्हीआर' या प्रमाणांतही अर्थ आणि शब्द यांची अशीच फारकत केली आहे. त्याच संस्थेची अलीकडची 'मल्टिपल व्होकॅब्युलरी फॅसिलिटी' ही योजना आराखड्याला हात न लावतां प्रत्येक भाषिक समाजाची शब्दावली त्याला बाहेरून जोडूं पाहते. चौकट एकच, कारकुनाला ती आपल्या भाषेंत दिसते.

परंतु नांवें वेगळीं एवढीच अडचण असती, तर काम सोपें होतें. 'बचत खातें' आणि 'पोलीस खातें' यांत शब्द एक, पण वस्तु दोन. येथें संदर्भ जोडून भागतें. खरी कसोटी पुढें आहे. इंग्रजींत काढलेल्या आराखड्यांत वारसांसाठीं 'अंकल' अशी एकच चौकट असली, तर मराठी शब्दावलींत तिच्यापुढें काय लिहावयाचें? काका कीं मामा? हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यांत, मृत्युपत्र न करितां वारलेल्या पुरुषाच्या वारसांच्या दुसऱ्या वर्गांत, बापाचा भाऊ सातव्या नोंदींत आहे व आईचा भाऊ नवव्या. आणि आधीच्या नोंदींतील वारस असतां नंतरच्याला वांटा मिळत नाहीं. अशा वेळीं कितीही शब्दावल्या जोडल्या तरी उपयोग नाहीं. मूळ चौकटच फोडून तिच्या दोन कराव्या लागतात, आणि तें काम कायदा जाणणाऱ्याला शेजारीं बसवूनच करावें लागतें.