उभ्या मोटारीची बॅटरी

घरांतील जी वस्तु सर्वांच्या मालकीची, तिची काळजी बहुधा कोणीच घेत नाहीं. 'दुसरा कोणी पाहत असेल' ह्या भरंवशावर ती पडून राहते व नेमकी अडचणीच्या वेळीं दगा देते. आमचें घर ह्यास अपवाद आहे असें आम्हांस वाटत असे. तो अभिमान गेल्या वैशाखांत एका रात्रींत उतरला. आमच्याच चुकींत आज दुसरींहि पुष्कळ कुटुंबें असतील, म्हणून ती हकीकत येथें सांगतों.

जळगांवांतील मेहरूण भागांत, तलावापासून थोड्याच अंतरावर आमचें एकत्र कुटुंब राहतें. चिरंजीव पुण्यास नोकरीस आहेत. त्यांची मोटार मात्र येथेंच अंगणांत उभी असते. दिवाळींत व मुलांच्या सुटींत तिचा उपयोग होतो. एरवीं पुतण्या दुचाकीवरून कामास जातो व आम्ही तलावाच्या काठानें पायींच फिरतों. मोटार बिघडूं नये म्हणून दर रविवारीं स्नानसंध्या उरकल्यावर आम्ही ती जागच्या जागीं पांच मिनिटें सुरू करीत असूं. हा नेम आम्हीं कधीं चुकविला नाहीं.

त्या रात्रीं दोनच्या सुमारास आमचे थोरले बंधु दादा ह्यांस एकाएकीं दम लागला. वहिनींनीं हांक मारली, सारें घर जागें झालें. दादांना धरून मोटारींत बसविलें. पुतण्यानें किल्ली फिरविली, तों 'टक् टक् टक्' एवढाच आवाज आला, आणि पुढील दिवे मिणमिणून विझले.

"काका, रविवारीं सुरू केली होती ना?" पुतण्यानें विचारलें. आम्हीं मान हलविली. दुसरें काय सांगणार? शेवटीं गल्लींतील एका रिक्षावाल्यास उठविलें. तो बिचारा अंगांत सदरा चढवीतच धांवत आला. दादा इस्पितळांत पोंचले व चार दिवसांनीं सुखरूप घरीं परतले. परंतु त्या धांवपळींत गेलेलीं वीस मिनिटें आम्हांस अजून आठवतात.

दुसऱ्या दिवशीं आलेल्या कारागिरानें मापक लावून आंकडा दाखविला: ११.६ व्होल्ट. आमचा रविवारचा नेम ऐकून तो हंसला व म्हणाला, "मास्तर, पांच मिनिटांत तिचें पोट भरत नाहीं." चाळीस वर्षें मुलांना गणित शिकविलेल्या माणसास हें बोलणें लागलें. आम्ही पाटी घेऊन बसलों.

मोटार बंद असली तरी तिच्यांतील सर्व कांहीं बंद नसतें. घड्याळ, चोरीची सूचना देणारी घंटा, दारांचीं कुलुपें, यंत्राची स्मृति हीं सर्व रात्रंदिवस थोडी थोडी वीज पीत असतात. ही गळती ३० मिलिॲम्पिअर धरली, तर दिवसाला ०.७२ व आठवड्याला सुमारें ५ ॲम्पिअर-तास वीज जाते. लहान मोटारीच्या बॅटरीचा एकूण सांठा ३५ ॲम्पिअर-तासांच्या आसपास असतो. आतां जमेची बाजू पाहूं. जागेवर चालणाऱ्या इंजिनाकडून बॅटरीस २० ॲम्पिअर मिळतात असें उदारपणें मानलें, तरी पांच मिनिटांत भरते ती वीज पावणेदोन ॲम्पिअर-तासांहून कमीच. खर्च पांच, जमा पावणेदोन! सहा आठवड्यांत निम्म्याहून अधिक सांठा संपतो.

त्यांत आमचें खानदेशचें ऊन. मे महिन्यांत येथील पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. कांहींहि न जोडतां नुसती ठेवलेली बॅटरीसुद्धां आंतल्या आंत झिजते, आणि उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं ही झीज सुमारें दुप्पट होते. थंडींत मोटार सुरू होत नाहीं अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु बॅटरीचें आयुष्य खरें खातो तो उन्हाळाच.

ही बॅटरी मूळ गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शोधली. आजच्या बॅटरीचीं एकंदर सहा घरें, प्रत्येकाचा दाब सुमारें २.१ व्होल्ट. घरांत शिशाचे पत्रे पातळ गंधकाम्लांत बुडविलेले असतात. वीज खर्च होते तेव्हां पत्र्यांवर शिशाचें सल्फेट जमतें. वीज भरली कीं तें विरघळून पत्रे पूर्ववत् होतात. मात्र रिकामी बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली, तर त्या सल्फेटाचे कठीण स्फटिक बनतात व मग तें सहसा निघत नाहीं. म्हणून बॅटरी उतरली ह्यापेक्षां उतरलेली तशीच राहूं दिली, हा दोष मोठा. २०२० सालच्या टाळेबंदींत ज्यांच्या मोटारी महिना-दोन महिने दाराशीं उभ्या राहिल्या, त्यांतील अनेकांनीं हा धडा तेव्हांच घेतला असेल.

पूर्वीं एवढी परवशता नव्हती. १९१२ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारीस चार्ल्स केटरिंग ह्यांचा विजेचा स्टार्टर बसविण्यांत आला. तोंवर हँडल फिरवूनच इंजिन चालू करीत, व तें उलट फिरून कित्येकांचीं मनगटें मोडत. आतां हँडलहि नाहीं आणि तें घालण्याचें भोंकहि नाहीं.

तेव्हां करावें काय? पहिला उपाय सर्वांत सोपा: आठवड्यांतून एकदां मोटार अर्धापाऊण तास खरोखर चालवावी. दुसरा: महिनाभर कोणी चालविणार नसेल, तर इंजिन बंद करून बॅटरीची ऋण बाजूची, म्हणजे काळी तार सोडून ठेवावी. काढतांना काळी आधीं, जोडतांना काळी शेवटीं, हा क्रम विसरूं नये. घड्याळ वगैरे पुन्हां लावावें लागेल, एवढाच तोटा. तिसरा: भरल्यावर आपोआप थांबणारा लहान चार्जर घ्यावा. बंद खोलींत इंजिन चालवून बॅटरी भरण्याचा विचार मात्र कोणीं मनांतहि आणूं नये. त्या धुराचा विषारी वायु वासानें कळत नाहीं व माणसाचा प्राण घेतो.

व्होल्टमापक घरीं अवश्य असावा. मोटार रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं तपासावें: १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे बारा आणे, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खालीं उतरली कीं त्याच दिवशीं भरावी.

आणि वेळ आलीच तर दुसऱ्या मोटारीची मदत घ्यावी. तांबडी तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास व मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकास. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास, आणि तिचें दुसरें टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर लावावें. बॅटरींतून हायड्रोजन निघतो व एका ठिणगीनें तो पेट घेऊं शकतो, म्हणून शेवटची जोडणी दूर करावयाची. अंधार म्हणून काडी किंवा दिवा जवळ नेऊं नये. गाडी ढकलून दुसऱ्या गिअरमध्यें सुरू करण्याची जुनी युक्ति आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारींस लागू पडत नाहीं.

संपलेली बॅटरी भंगारांत फोडूं देऊं नये. शिसें विषारी आहे व लहान मुलांस विशेष बाधतें. नवी घेतांना जुनी दुकानदारास परत करावी. २०२२ सालच्या नियमांनीं ती योग्य रीतीनें परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

आमच्या घरीं आतां दिनदर्शिकेवर दर रविवारच्या चौकोनांत एकाचें नांव लिहिलेलें असतें. त्यानें भुसावळच्या रस्त्यानें नशिराबादपर्यंत मोटार नेऊन आणावयाची. मापकाचा आंकडा वाचून वहींत टिपण्याचें काम आठवींतल्या नातवाकडे आहे. सूनबाईंनींहि गाडी शिकून आपलें नांव त्या यादींत घातलें. दादा मात्र प्रत्येक रविवारीं पुढच्या आसनावर बसतात, येतांना बोरांचे दिवस असले तर बोरें घेतात, आणि किल्ली फिरण्यापूर्वीं नातवास न चुकतां विचारतात, "आज किती भरले रे?"