नेम आणि वारा – लेखांक ६ : मेजावरची रायफल

मागच्या लेखांकात आपण दहा मीटरची एअर रायफल पाहिली. तो बंद दालनातला खेळ. दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पण वारा नसतो. झगडा असतो तो आपल्याच श्वासाशी, नाडीशी आणि बोटाशी. आज नेमकी उलट परिस्थिती घेऊ. रायफल मेजावर टेकवायची, शरीराचा हादरा तिच्यापर्यंत पोचू द्यायचा नाही, आणि लक्ष्य उघड्या मैदानात लांब नेऊन ठेवायचे. याला बेंचरेस्ट म्हणतात. बंदूक टेकूवर ठेवल्यावर कौशल्य कसले उरले, असा प्रश्न हमखास विचारला जातो. उरतो तो वारा, आणि एअरगनच्या छऱ्याला तो पुरून उरतो.

या खेळाच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूआरएबीएफच्या, स्पर्धांत एअर रायफलसाठी अंतर २५ मीटर असते. एका कार्डावर २५ लक्ष्ये, प्रत्येकी दहा गुण, एकूण २५०. अमेरिकेतल्या ॲरिझोनात होणारी ‘एक्स्ट्रीम बेंचरेस्ट’ स्पर्धा त्याहून खूप पुढे, १०० यार्डांपर्यंत, म्हणजे ९१ मीटरच्या वर जाते. तिथले नेमबाज .३० बोअरचे, जवळपास तीन ग्रॅम वजनाचे छर्रे वापरतात आणि त्यांच्या रायफलींची ऊर्जा शंभर ज्यूलच्या घरात असते. आपल्याकडची चौकट वेगळी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. म्हणून परवान्याशिवाय हा खेळ खेळू पाहणाऱ्या भारतीय नेमबाजासाठी ‘लांब पल्ला’ म्हणजे व्यवहारात ५० मीटर. हे अंतर कमी समजू नका. का, ते आकड्यांतच पाहू.

१०.३४ ग्रेनचा, म्हणजे ०.६७ ग्रॅमचा .१७७ छर्रा २० ज्यूल ऊर्जेने सुटला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे २४४ मीटर असतो. हवेच्या विरोधामुळे ५० मीटरवर पोचेपर्यंत तो १९५ च्या आसपास येतो. प्रवासाला लागतात सुमारे ०.२३ सेकंद, निर्वात पोकळीत ०.२०५ लागले असते. या दोन वेळांमधला फरक सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढा. बाजूचा वारा छऱ्याला किती सरकवणार, हे एकूण प्रवासाच्या वेळेवर ठरत नाही. ते या उशिरावर ठरते. वाऱ्याचा वेग गुणिले हा उशीर, इतके सोपे सूत्र आहे. सेकंदाला दोन मीटरचा, चेहऱ्याला जेमतेम जाणवणारा वारा आडवा वाहत असेल तर छर्रा ५० मीटरवर सुमारे ५ सेंटीमीटर सरकतो. त्याच वाऱ्यात २५ मीटरवर सव्वा सेंटीमीटर आणि १०० यार्डांवर तब्बल १८. अंतर दुप्पट झाले की चूक चौपटीच्या आसपास जाते.

आता हे ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफलशी ताडून पाहा. तिथे .२२ ची गोळी असते, २.६ ग्रॅमची आणि अधिक वेगवान. त्याच वाऱ्यात ती दीड सेंटीमीटरच्या आसपास सरकते. दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे. म्हणजे तिथेसुद्धा अंदाज चुकला तर दहा हातचे जातात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० च्या ऑगस्टमध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले आणि तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. त्या कामगिरीचे कौतुक करताना आपण एकाग्रतेविषयी भरभरून बोलतो. उघड्या मैदानात साठ वेळा वारा ओळखणे, हेही त्या गुणांमागे होते, ते मात्र कोणी फारसे सांगत नाही. छऱ्याच्या बाबतीत तोच वारा तिपटीने छळतो.

म्हणून साधनांकडे पाहताना एकच कसोटी लावावी: हे साधन वाऱ्याखेरीज दुसरे एखादे कारण दूर करते का? स्प्रिंगच्या एअरगनमध्ये छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच पिस्टनचे दोन झटके बसतात, त्यामुळे टेकूवर ती लहरी वागते. बेंचरेस्टला पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल हवी, आणि तीही रेग्युलेटर असलेली. टाकीतला दाब उतरत गेला तरी रेग्युलेटर प्रत्येक फैरीला सारख्याच दाबाची हवा देतो. दोन छऱ्यांच्या वेगात सेकंदाला सहा मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर त्यांच्यात सव्वा सेंटीमीटर उभे अंतर पडते. क्रोनोग्राफवर हा फरक मोजल्याशिवाय वाऱ्याला दोष देऊ नये. आपल्याकडे एअरगन बनवणाऱ्या कारखान्यांत ठाण्याच्या प्रेसिहोलचे नाव घ्यावे लागेल. धातूत खोल, सरळ छिद्रे पाडणारी यंत्रे बनवण्याच्या धंद्यातून हे घराणे रायफलींकडे आले, आणि चांगली नळी हे शेवटी त्याच विद्येचे फळ असते.

पुढचा टेकू जड आणि मागची वाळूची पिशवी घट्ट भरलेली असावी. दुर्बिणीवर पाण्याचा बुडबुडा असलेली लेव्हल अवश्य बसवा. रायफल एका अंशाने कलली तरी ५० मीटरवर छर्रा साडेचार मिलिमीटर बाजूला जातो, आणि नेमबाज समजतो की वारा होता. छर्रे वजन करून, डोक्याचा व्यास पाहून वेगळे करावेत. वाकलेल्या कडेचा छर्रा सरावालाही घेऊ नये. महागड्या दुर्बिणीचा मोह मात्र पहिल्या वर्षी आवरावा. तेच पैसे चार चांगल्या वारानिशाणांवर आणि भरपूर छऱ्यांवर खर्च केलेले बरे.

निशाण म्हणजे साधी दांडी, तिच्यावर मोकळेपणी फिरणारा पंखा आणि मागे लोंबणारी फीत. पंखा दिशा सांगतो, फीत किती उचलली गेली त्यावरून जोर कळतो. मेजापासून लक्ष्यापर्यंत अशी तीन-चार निशाणे लावतात. नवशिके सगळे लक्ष लक्ष्याजवळच्या निशाणाकडे देतात, कारण दुर्बिणीत तेच दिसते. खरे तर पहिल्या अर्ध्या अंतरातला वारा एकूण सरकण्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग घडवतो. नळीजवळ मिळालेला आडवा वेग छर्रा उरलेल्या वाटेवर सोबत नेतो. शेवटच्या दहा मीटरमध्ये मिळालेल्या धक्क्याला काम करायला वेळच उरत नाही. तेव्हा मेजाजवळची दोन निशाणे आधी वाचा.

दिशेचेही गणित आहे. नव्वद अंशांचा वारा पूर्ण किमतीचा. पंचेचाळीस अंशांचा निम्मा नसून सत्तर टक्के. निम्मी किंमत तीस अंशांवर येते. समोरून येणारा वारा ५० मीटरवर जवळजवळ निरुपद्रवी असतो, तरी अनुभवी नेमबाज त्यालाच सर्वांत जास्त भितात. तो जरासा इकडे झुकला की छर्रा डावीकडे, तिकडे झुकला की उजवीकडे जातो. अशा वेळी थांबावे. बेंचरेस्टच्या कार्डावर गुणांत न धरली जाणारी चाचणीची लक्ष्ये असतात. त्यांच्यावर छर्रे टाकून वाऱ्याची एक स्थिती निवडायची, उदाहरणार्थ ‘डावीकडून, फीत अर्धी उचललेली’. ती स्थिती आली की झटपट दोन-तीन छर्रे, गेली की बोट घोड्यावरून बाहेर. प्रत्येक वाऱ्याला दुरुस्ती देत बसणाऱ्यापेक्षा एकाच वाऱ्याची वाट पाहणारा बहुधा पुढे जातो. वाट पाहायची, पण ठरलेल्या वेळेत. खेळाची खरी परीक्षा तीच.

बंगळूरच्या महादेवपुऱ्यात राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर आहे. इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे आठ-नऊ टक्के विरळ, त्यामुळे छऱ्याचा उशीर आणि वाऱ्याने सरकणे, दोन्ही जवळपास तेवढ्याच प्रमाणात कमी. मुंबईच्या मित्राचा दुरुस्तीचा तक्ता इथे जसाच्या तसा चालणार नाही, इथला घेऊन कोकणात गेलात तरी नाही. जून-जुलैत इथे पश्चिमेकडून जोरकस वारे वाहतात, हिवाळ्यात ते पूर्वेकडे वळतात. आणि बाहेरच्या रिंग रोडवरच्या, व्हाइटफील्ड रस्त्यावरच्या काचेच्या उंच इमारती वाऱ्याला फोडून भोवरे करतात; इमारतीच्या मागे तिच्या उंचीच्या कित्येक पट अंतरापर्यंत वारा सरळ राहत नाही. अशा जागी शिकलेले वाचन मैदानावर दगा देते. महादेवपुरा तलावाच्या मोकळ्या काठावर फीत बांधलेली काठी घेऊन उभे राहिलात तर पुष्कळ अधिक कळेल. चेहऱ्याला वारा लागतो आणि पाने सळसळतात, तेव्हा तो ताशी सहा ते अकरा किलोमीटर असतो. पाने आणि डहाळ्या सतत हलू लागल्या की बारा ते एकोणीस. हा अंदाज खिशातल्या वारामापकाशी ताडत जा.

रायफल मात्र या काठावर आणू नका, आणि इमारतीच्या गच्चीवर तर मुळीच नको. परवाना लागत नाही म्हणून छर्रा निरुपद्रवी ठरत नाही. तो काही शे मीटर जातो आणि डोळा फोडू शकतो. नेम फक्त मान्यताप्राप्त रेंजवर, मागे भक्कम बांध असताना धरा. पुढच्या आठवड्यात आपण मृगजळ पाहू: तापलेल्या जमिनीवरची हवेची लहर दुर्बिणीतून कशी वाचायची आणि ती कधी फसवते. तोवर रोज सकाळ-संध्याकाळ वाऱ्याचा वेग आणि दिशा अंदाजाने वहीत लिहा, शेजारी मोजलेला आकडा लिहा. ती वही पुढच्या लेखांकाला लागणार आहे.