ट्रॅव्हर्टाइनची पारख

भोर-वेल्ह्याचा दगड म्हणजे काळा कातळ. राजगड आणि तोरणा ज्यावर उभे आहेत, तो बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. इथे फार्महाउस बांधणाऱ्याला मात्र दुकानातल्या फिकट ट्रॅव्हर्टाइनची भुरळ पडते.

ट्रॅव्हर्टाइन हा शहाबादी फरशीचा लांबचा भाऊबंद, चुनखडकच. झऱ्याच्या पाण्यातला चुना साचून तो बनतो. आत पोकळ्या राहतात. रोमच्या कलोसियमची बाहेरची भिंत याच दगडाची आहे, म्हणून त्याला कच्चा म्हणता येणार नाही.

पारख पोकळ्यांचीच करावी. फरशी उलटून बघावी. मागे जाळी चिकटवलेली असेल, तर दगडाला आधार का लागला, हे दुकानदाराला विचारावं. पोकळ्यांत भरलेलं मिश्रण किल्लीनं खरवडावं. भुगा पडला तर ते वापरातही सुटणार. पाण्याचा थेंब झटकन जिरला, तर डागही तसेच जिरतील.

कठीणपणाच्या मोह्‌ज मोजपट्टीवर हा दगड 3 ते 4, तर वाळूतलं क्वार्ट्‌झ 7. पावसाळ्यात चिखलाच्या चपला घरात आल्या की चकाकी गेलीच. स्वयंपाकघरात तर नकोच: लिंबू, चिंच, कोकम सांडलं की चुना विरघळतो आणि सीलरही ते थांबवत नाही. पडवीला आपला काळा दगडच बरा.