कुत्र्यांनी फाडलेल्या शेळीची निगा



१९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकण, म्हाळुंगे, निघोजेपर्यंत कारखाने पसरत गेले. चराईचे माळ आटले. खानावळी आणि ढाबे वाढले, आणि त्यांच्या उकिरड्यावर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पोसू लागल्या. माळ नाही म्हणून शेळी दारात बांधावी, तर दाव्याला बांधलेल्या शेळीला पळताही येत नाही. पोरांनी नाव ठेवून वाढवलेली, घरच्या चहाला दूध देणारी शेळी घटकेत रक्तबंबाळ होते. अशा वेळी पहिल्या तासाभरात काय करावे, ते नीट समजून घ्या.

आधी आपले हात सांभाळा. चावणारे कुत्रे पिसाळलेले असू शकते. शेळीच्या जखमेत त्याची लाळ असते. म्हणून हातात रबरी मोजे घाला. नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवा. कुत्र्याने तुम्हाला चावले किंवा ओरबाडले असेल, अगर तुमच्या उघड्या जखमेला लाळ लागली असेल, तर ती जागा साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

रक्त थांबवा. धुतलेल्या सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून दहा मिनिटे दाबून धरा. सारखे उचलून पाहू नका. शेळी भ्यालेली असते, धक्क्यानेही दगावते. म्हणून भोवतीची गर्दी हटवा, तिला सावलीत छातीवर बसती ठेवा, अंगावर गोणपाट टाका. एका कुशीवर आडवी पडू दिली तर पोट फुगते. खालची पापणी ओढून पाहा. आतला भाग गुलाबी असला तर बरे. पांढराफटक असला तर रक्त फार गेले आहे, डॉक्टरांना तातडीने बोलवा.

जखम धुवा. रक्त थांबले की जखमेभोवतीचे केस कातरा. कुत्र्याचा सुळा वरून बारीक भोक पाडतो, पण आत मांस फाटलेले असते. केसांखाली अशी भोके लपतात, म्हणून मान, कान, मांड्या आणि कास सगळे चाचपून पाहा. साबण आणि वाहते पाणी घेऊन पंधरा मिनिटे धुवा. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावा. तिखट, चुना, राख, शेण, डिझेल यांतले काहीही भरू नका. त्याने जखम भाजते, घाण आत कोंडते. आतडे बाहेर आले असेल तर आत ढकलू नका; उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने झाका आणि शेळीला दवाखान्यात हलवा.

डॉक्टरांचे काम डॉक्टरांनाच करू द्या. गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करा. प्रतिजैविक, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि पिसाळी रोगाची लस, तिन्ही विचारा. लस एकदा टोचून भागत नाही. पहिल्या दिवसापासून महिनाभर ठरलेल्या तारखांना टोचावी लागते. एकही तारीख चुकवू नका. माणसांच्या वेदनेच्या गोळ्या शेळीला मनाने देऊ नका. कुत्रे ओळखीचे असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा, पण तेवढ्यासाठी लस अडवू नका.

पुढची निगा. जखम रोज दोनदा पाहा. सूज, पू, घाण वास दिसला, किंवा माश्या बसून अळ्या पडल्या, तर डॉक्टरांना दाखवा. निरोगी शेळीचा ताप १०२ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असतो. तो १०४ च्या वर चढला तर थांबू नका. शेवरी, सुबाभूळ, लसूणघास असा कोवळा पाला हाताने भरवा. ताजे पाणी जवळ ठेवा, पण गिळत नसेल तर बळेच पाजू नका. शेळी गाभण असेल तर ती गाभडू शकते, हे डॉक्टरांना आधी सांगा. डॉक्टर सांगेपर्यंत तिचे दूध घरात वापरू नका.

पुढे काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही, शेळी एकसारखी ओरडू लागली, लाळ गाळू लागली, गिळेनाशी झाली किंवा मागचे पाय लुळे पडले, तर घशात काही अडकले म्हणून तोंडात हात घालू नका. तिला वेगळी बांधा, दूध काढू नका आणि डॉक्टरांना कळवा. पिसाळी रोग एकदा दिसू लागला की त्यावर इलाज नाही. अशी शेळी बाजारात विकणे किंवा कापणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

खेड-जुन्नर भागात बिबट्याही येतो. बिबट्या बहुधा गळा धरतो. कुत्री मांड्या, कान, कास असे जागोजागी फाडतात. बिबट्याचा संशय असेल तर काहीही न हलवता वनखात्याला कळवा. पंचनामा झाला तरच भरपाईचा मार्ग मोकळा होतो.

रात्री शेळ्या दाराच्या, जाळी लावलेल्या गोठ्यात कोंडा. जाळीचा खालचा काठ जमिनीत गाडा, कारण कुत्री उकरून आत शिरतात. उरलेले अन्न उघड्यावर टाकू नका. कुत्र्यांना विष घालणे गुन्हा आहे; त्यांच्या नसबंदीसाठी आणि लसीकरणासाठी ग्रामपंचायतीकडे किंवा महापालिकेकडे सगळ्यांनी मिळून अर्ज करा.

एवढे लक्षात ठेवा: हात झाका, रक्त दाबा, साबणाने धुवा, लस टोचा. साबणाची वडी आणि आयोडीनची बाटली आजच गोठ्यात आणून ठेवा.