कुऱ्हाडीचा दांडा

हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या जुन्या शेतकऱ्याच्या घरी अडगळ उपसू लागले, म्हणजे तीत बहुधा एक बिनदांड्याची कुऱ्हाड निघते. तिच्यावर गंज चढलेला असतो आणि घरातील मंडळी ती भंगारात देण्यास निघालेली असतात. एवढी घाई करू नये. कुऱ्हाडीचे पाते अनेक पिढ्या टिकते. मोडतो आणि कुजतो तो दांडा.

ही गोष्ट फार पुरातन आहे. हिंगोलीच्या उत्तरेस पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. तेथे नागपूरजवळ माहुरझरी येथील शिळावर्तुळांच्या उत्खननात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या. त्यांतील चपट्या कुऱ्हाडींना दांड्यासाठी भोकच नाही! पाते दांड्याला घट्ट राहावे म्हणून लोखंडी पट्ट्या फुलीसारख्या आवळलेल्या असत. पाती राहिली, पट्ट्याही राहिल्या. दांडे मात्र मातीत मिसळून गेले.

आपल्या कुऱ्हाडीला भोक असते. त्यास नेढे म्हणतात. जुनी कुऱ्हाड हाती आली, की प्रथम हे नेढे तपासावे. त्यास तडा गेला असेल, तर ती कुऱ्हाड कामाची नव्हे. नुसता गंज असेल, तर तो घासून निघतो. नेढ्यात मोडक्या दांड्याचा तुकडा अडकलेला असतो, आणि तो जाळून काढण्यासाठी पुष्कळ लोक कुऱ्हाड चुलीत घालतात. याहून मोठा अविचार नाही. लोहार धारेकडील पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवितो, तेव्हा त्यास कठीणपणा येतो. यालाच ‘पाणी देणे’ म्हणतात. चुलीच्या आचेने ते पाणी उतरते, धार मऊ पडते आणि पहिल्याच घावाला मुडपते. म्हणून तो तुकडा पोखरून, ठोकूनच काढावा.

आता लाकूड. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ अशी म्हण आहे. पण प्रत्येक झाडाचे लाकूड या कामास चालत नाही. पळस किंवा पांगारा यांचा दांडा काय कामाचा? लाकूड कठीण हवे, आणि घावाचा हिसका सोसण्याइतके चिवटही हवे. डोंगराकडील भागात धावडा किंवा धामण मिळते. काळ्या रानात बांधावरची बाभूळ असतेच. त्यासाठी झाड पाडावे लागत नाही, मनगटाहून थोडी जाड अशी एक सरळ फांदी पुरते. ती करवतीने कापून नव्हे, तर पाचर मारून उभी फोडावी. करवत वाट्टेल तशी चालते आणि रेषा मध्येच तोडते. फोडलेले लाकूड मात्र आपल्या रेषेनेच फाटते. या रेषा दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेल्या पाहिजेत. त्या तिरप्या असल्या, तर दांडा नेमका जोराच्या घावाला मोडतो.

ओल्या लाकडाचा दांडा कधीही करू नये. लाकूड काही महिने सावलीत वाळवावे आणि त्याच्या कापलेल्या टोकांना शेण लिंपावे. टोकांतून ओल भराभर उडते व तेथे भेगा पडतात. शेणाने ती हळूहळू उडते. ओला दांडा नेढ्यात घट्ट बसलेला दिसतो, पण पुढे वाळून आकसतो. मग भर घावात पाते निसटते आणि समोरच्या माणसावर जाऊन आदळते. उन्हाळ्यात सैल झालेली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत आहे, तीही फसवीच. लाकूड फुगते, पण लोखंडाला रेटून त्याचे तंतू चेपतात; वाळल्यावर ते पूर्वीहूनही अधिक सैल होते.

सुतार वाकसाने दांडा तासतो आणि त्याचे तोंड नेढ्याच्या मापाचे करतो. त्या तोंडात तो पाचरीसाठी एक उभी चीर घेतो. पाते बसविताना मात्र तो पात्यावर घाव घालीत नाही. पाते खाली लोंबत राहील असा दांडा तो एका हातात अधांतरी धरतो आणि दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी मोगरी मारतो. पाहणाऱ्यास नवल वाटते, कारण पाते खाली पडण्याऐवजी दांड्यावर वर वर चढू लागते! पाते जड असल्यामुळे जागचे सहसा हलत नाही. हलका दांडाच घावागणिक खाली सरकून नेढ्यात शिरतो. पाते घट्ट बसल्यावर चिरेत कोरडी पाचर ठोकतात. तिच्यामुळे दांड्याचे तोंड फाकते, आणि मग पाते निसटावयास वाव राहत नाही. शेवटी जवसाचे तेल चोळून दांडा दोन दिवस ठेवतात. चार-सहा दिवस काम झाले, की पाचर पुन्हा एकदा ठोकून पाहतात.