दिवाणखान्यांतला मोठा पडदा

जरीपटक्यांतील आमच्या घरीं दर रविवारीं सायंकाळीं एक सोहळाच होत असे. कॅनडांत असलेला माझा पुतण्या मोबाइलवर चेहऱ्यानिशीं प्रकट होई, आणि तळहाताएवढें तें यंत्र नऊ माणसांच्या हातांतून फिरे. प्रत्येकाच्या वाट्यास दोन मिनिटें येत. 84 वर्षांच्या आमच्या मातोश्रींना मात्र नातवाचा नुसता आवाज कळे. चेहरा कांहीं दिसत नसे.

आमचा शेजार बहुतेक सिंधी. 1947 च्या फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांनीं ही वस्ती गजबजविली. आप्त दूर असणें म्हणजे काय, हें येथें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. शेजारच्या घरीं संगणक टेलिव्हिजनास जोडलेला पाहून आमच्या चिरंजीवानेंहि तोच उपाय योजिला. संगणक त्याचा, टेलिव्हिजन सर्वांचा.

ही कल्पना कांहीं आजची नव्हे. 1982 सालीं इंग्लंडांत निघालेल्या ‘सिंक्लेअर स्पेक्ट्रम’ ह्या घरगुती संगणकास स्वतःचा पडदा मुळींच नव्हता. टेलिव्हिजनच्या एरिअलच्या जागीं त्याची तार खोंवावयाची, एखादें स्टेशन लावावें तसा संगणक ‘लावावयाचा’, आणि गाण्याच्या साध्या कॅसेटवरून त्यास आज्ञावली भरवावयाची, असा तो प्रकार होता. चित्र आडव्या 256 व उभ्या 192 ठिपक्यांचें. आजच्या ‘फुल एच्.डी.’ संचावर हेच ठिपके 1920 व 1080 असतात.

ज्या वाचकांस हा प्रयोग घरीं करावयाचा असेल, त्यांनीं इतकें ध्यानांत ठेवावें. हल्लीं एच्.डी.एम्.आय्. नांवाची एकच केबल पुरते. चित्र व ध्वनि दोन्हीं तिच्यांतूनच जातात. केबल खोंवल्यावर रिमोटनें त्याच क्रमांकाचा ‘इनपुट’ निवडावा. आवाज संगणकांतूनच येत राहिला, तर संगणकाच्या ध्वनीच्या मांडणींत टेलिव्हिजन निवडावा. चित्राच्या कडा कापल्या जातात, अशी पुष्कळांची तक्रार असते. जुन्या काचनळीच्या संचांत कडेचा वांकडेपणा झांकण्यासाठीं चित्र चौकटीहून किंचित् मोठें काढीत. ती संवय कित्येक नव्या संचांनींहि सोडलेली नाहीं. चित्राच्या आकाराच्या यादींत ‘स्क्रीन फिट’ किंवा तत्सम पर्याय घेतला, कीं कडा परत येतात.

एक गोष्ट मात्र आम्हांस अनुभवानेंच कळली. चित्र टेलिव्हिजनवर गेलें, तरी कॅमेरा संगणकावरच राहतो. आम्हीं संगणक बाजूच्या तिवईवर ठेविला होता. त्यामुळें मातोश्री नातवाकडे डोळे भरून पाहत, आणि त्यास दिसे तो आजीचा कान! संगणक पडद्याच्या अगदीं खालीं मांडल्यावर दोघांची दृष्टादृष्ट झाली. ‘किती रे वाळलास!’ हे त्यांचे पहिले शब्द.

तथापि ह्याच पडद्यानें एक अवघड प्रसंगहि आणिला. तिसऱ्या रविवारीं सर्व मंडळी जमली असतां कोपऱ्यांत एक चौकट उमटली. बंगळूरच्या नोकरीवर केव्हां रुजू होणार, अशी चिरंजीवास विचारणा होती. त्यानें ही गोष्ट घरांत कोणासच सांगितली नव्हती. 40 इंची पडद्यावरील तीं अक्षरें स्वयंपाकघराच्या दारांतूनहि वाचतां आलीं. मी दोन दिवस त्याच्याशीं बोललों नाहीं.

दोष केबलचा नव्हे. संगणकावर असेल तें सर्व ती पुढें नेते; सांगावयाचें कोणतें आणि राखावयाचें कोणतें, हा विवेक तिला नाहीं. म्हणून विंडोज संगणकावर विंडोजची कळ व ‘पी’ची कळ एकदम दाबून ‘एक्स्टेंड’ हा पर्याय घ्यावा. टेलिव्हिजन मग निराळा फलक होतो, आणि संभाषणाची खिडकी तेवढी तेथें सरकवितां येते. येणाऱ्या सूचनाहि बंद ठेवाव्यात.

परंतु मला खरा प्रश्न वेगळाच वाटला. मुलास ही गोष्ट मजजवळ बोलण्याचें धैर्य कां झालें नाहीं? नऊ माणसांच्या घरांत मोठा पडदा एकच असावा, हें इष्ट. पण प्रत्येकास आपला लहान पडदाहि असावा, आणि त्यावरील मजकूर आपण होऊन सांगावासा वाटेल, असे कानहि घरांत असावेत.

तिसऱ्या दिवशीं मातोश्रींनींच कोंडी फोडली. नातवास जवळ बोलावून त्या म्हणाल्या, “तें सगळें मीं वाचलें रे, चष्म्याशिवाय! आतां तिकडून दर रविवारीं तूंहि ह्याच पडद्यावर ये.”

पुढल्याच महिन्यांत चिरंजीव गेला. रविवारीं आतां दोन चौकटी उजळतात, आणि संगणक मीच जोडतों.