तार तुटली? टाइम प्लीज!

शुक्रवारची रात्र. आठवडाभर डेडलाइन्सशी मारामारी करून तुम्ही अखेर स्टेजवर उभे आहात. समोर ऑफिसातली अर्धी गँग. दुसऱ्याच गाण्यात सोलो ऐन रंगात आलेला. तुम्ही ट्रेमोलोची दांडी जरा जोरात वर खेचता आणि... टण्ण! एक तार गेली. ‘पाच आहेत की अजून’, म्हणत तुम्ही पुढे वाजवायला जाता, तर त्या पाचही बेसूर!

यात तुमची चूक नाही. तरंगता ब्रिज म्हणजे अखंड चाललेली रस्सीखेच असते. एका बाजूला सहा तारा, दुसऱ्या बाजूला गिटारच्या पोटातल्या स्प्रिंग्ज. सर्वात बारीक तार 0.010 इंचाची असलेला नेहमीचा सेट घेतला, तर सहा तारांचा मिळून ताण साधारण 45 किलो भरतो. त्यातला एक गडी पडला की स्प्रिंग्जची टीम जिंकते, ब्रिज मागे झुकतो आणि उरलेल्या तारा ताणल्या जाऊन त्यांचा सूर चढतो.

म्हणूनच ‘तारा झटपट बदला, सुरात राहा’ असं म्हणणारा ब्रिज दिसला की गिटारवाल्यांचे डोळे चमकतात. प्रश्न एवढाच, की त्याच्यावर भरवसा ठेवायचा का?

आधी कुलूप आलं

लिओ फेंडर यांची स्ट्रॅटोकास्टर 1954 साली आली, ती स्प्रिंगवर चालणारा ट्रेमोलो घेऊनच. (खरं तर हे नावच चुकलंय, बॉस! ट्रेमोलो म्हणजे आवाज कमीजास्त होणं. सूर हलतो त्याला व्हायब्रॅटो म्हणतात. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.) दांडी हळुवार हलवली तर मजा, दाबून वाजवलं तर सूर परत जागेवर येईलच याची खात्री नाही. कारण तार नटवर घासते, अडकते आणि खुंटीवरची वेटोळी सैल होतात.

1970च्या दशकाच्या शेवटी फ्लॉइड रोझ या अमेरिकन गिटारवादकानं यावर तोडगा काढला: तार दोन्ही टोकांना कुलूपबंद करायची. नटवर एक क्लॅम्प, ब्रिजवर दुसरा. 1979 साली त्याला पेटंट मिळालं, एडी व्हॅन हॅलेननं तो वाजवला आणि पुढच्या दशकात हेवी मेटलवाल्यांना दुसरं काही दिसेना. दांडी पार लाकडाला टेकवा, सूर पुन्हा जागेवर!

पण किंमत मोजावी लागली ती वेळेत. तारेच्या टोकाचा मणी कापा, ॲलन कीनं ब्रिजमध्ये आवळा, सूर लावा. तोवर आधी लावलेली तार उतरलेली. मग ती परत लावा. सवय नसेल तर अर्धा तास आरामात जातो. स्टेजवर तेवढा वेळ कोण देणार?

मग घाई आली

नेड स्टाइनबर्गर यांनी 1980च्या दशकात गिटारचं डोकंच उडवलं. खुंट्या नाहीत, दोन्ही टोकांना मणी असलेली तार वरून अडकवायची आणि सूर ब्रिजवर लावायचा. काम काही मिनिटांचं. त्यांचा ट्रान्सट्रेम ब्रिज तर सगळ्या तारा एकमेकींशी सुरात ठेवून पट्टी बदलून द्यायचा. व्हॅन हॅलेनच्या 1986 सालच्या ‘5150’ या अल्बममध्ये तो ऐकायला मिळतो.

2000 नंतर खुद्द फ्लॉइड रोझनं ‘स्पीडलोडर’ आणला. तारा कारखान्यातच अचूक लांबीच्या बनवलेल्या. कापायचं नाही, गुंडाळायचं नाही. टोकं खाचेत बसवा, स्क्रू फिरवा, सूर तयार. त्याच्या कंपनीनं या ब्रिजच्या गिटारही काढल्या. कल्पना एकदम झकास!

मग माशी कुठे शिंकली? धातूत नाही. माशी शिंकली दुकानात! स्पीडलोडरला फक्त त्याच्याच तारा चालायच्या. मागणी आटली, तारा बनणं थांबलं आणि ठणठणीत ब्रिज नुसते पडून राहिले. स्टाइनबर्गरचं नशीब बरं. दोन मण्यांच्या तारा आजही बनतात, पण कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतीलच असं नाही.

आणि एक गोष्ट झटपट ब्रिजही टाळू शकत नाही. तार दोन मिनिटांत बदलता येईल, पण तरंगत्या ब्रिजवर ती तुटली की बाकीच्या बेसूर होणारच. रस्सीखेचीचे नियम सगळ्यांना सारखेच.

सेकंडहँड घेताय? थांबा!

जाहिरातीत स्वस्तात ‘क्विक चेंज’ गिटार दिसली, तर पैसे काढण्याआधी एवढं बघा.

• सगळ्यात आधी तारा. साध्या तारा चालतात का? नसतील चालत, तर खास सेट आज, या महिन्यात, तुमच्या बजेटमध्ये मिळतो का? उत्तर ‘बघू’ असेल, तर नमस्कार करून निघा.

• दांडी खाली दाबा, वर खेचा, सोडा. दरवेळी सूर तिथेच यायला हवा. येत नसेल तर ब्रिज ज्या धारेवर टेकतो ती झिजलेली असू शकते.

• गंज. आपल्या दमट पावसाळ्यात आणि घामट हातांत तो फुकट मिळतो. वाजवून झालं की फडकं फिरवा. एवढं साधं काम, पण करतं कोण?

• जुनाच फ्लॉइड रोझ असेल तर तारा एकेक करून बदला किंवा ब्रिजखाली लाकडाचा ठोकळा सारा, म्हणजे तोल ढळत नाही. बॅगेत ॲलन की आणि जादा सेट हवाच.

• दांडी फक्त खाली दाबून काम भागत असेल, तर ब्रिज लाकडाला टेकवूनच सेट करून घ्या. मग एक तार तुटली तरी बाकीच्या बऱ्यापैकी जागेवर राहतात.

आणि सगळ्यात झटपट ब्रिज कोणता, माहितीये? स्टेजच्या कडेला सुरात लावून ठेवलेली दुसरी गिटार. साधी, स्वस्त, मित्राकडून उसनी आणलेली का असेना. दहा सेकंदांत बदलते आणि तिच्या तारा कुठल्याही दुकानात मिळतात!